शेकडा दोन

गळ्यावर वस्तरा फिरत असताना कोणत्याही प्रश्नाला 'नाही' म्हणता येत नाही, कारण मान हलवायची सोय नसते. आमच्या देऊळगाव राजातल्या कटिंगवाल्यानं नेमकी हीच वेळ साधली. हनुवटीखालचा फेस काढता काढता तो म्हणाला, "सर, प्लॉट इकला म्हणे?"

मी घशातून 'हं' असा आवाज काढला.

"मंग आमचं काई?"

"तुमचं काय?" मी ओठ न हलवता विचारलं.

"म्हणजे पाहा, पार्टीच्या मेव्हण्याले तुमच्या प्लॉटचं पयल्यांदा मीच सांगतलं. ह्याच खुर्चीवर. लय नाई म्हणत मी. अर्धा टक्का."

वस्तरा कंठमण्यावर येऊन थांबला. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आहे. 18 लाखांचा अर्धा टक्का म्हणजे 9,000 हे उत्तर मला झोपेतही आलं असतं. वस्तऱ्याखाली त्याहून लवकर आलं. नऊ हजारांत दाढी करून घेणारा तालुक्यातला मी पहिलाच माणूस ठरणार होतो, आणि त्यात मिशी धरलेली नव्हती.

आता हा प्लॉट कसला, तर 30 बाय 50 चा, म्हणजे 1,500 चौरस फुटांचा. 1996 साली शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून 45,000 रुपयांना घेतलेला. त्या वेळी तो गावाच्या इतका बाहेर होता की तो बघायला जाताना बायकोनं डबा बरोबर घेतला होता. लेआउटला देवाचं नाव होतं. आमच्याकडे लेआउटला नाव द्यायचं तर बालाजी नाहीतर जिजाऊ, तिसरं नाव सुचलेला माणूस अजून या धंद्यात आलेला नाही. पुढची अठ्ठावीस वर्षं त्या प्लॉटवर मी घर बांधणार होतो. तोवर तिथं बाभळी उगवल्या, शेळ्या चरल्या, एका वर्षी तर कुणीतरी मंडपाचे बांबू आणून ठेवले आणि 'जरा सरका' म्हणून मलाच बाजूला व्हायला सांगितलं.

मग मुलानं पुण्यात फ्लॅट घ्यायचं ठरवलं. इथला अख्खा प्लॉट विकला की तिथला हॉल येतो, असा त्याचा हिशेब होता. बाल्कनीसाठी आणखी काही विकावं लागेल का, हे मी विचारलं नाही.

दलालाच्या भानगडीत पडायचंच नाही, असा माझा निश्चय होता. दोन टक्के म्हणजे 36,000. कशाचे? प्लॉट माझा, कर्ज माझं, बाभळीसुद्धा माझ्याच. म्हणून मी स्वतःच्या हातानं पत्र्याचा बोर्ड रंगवला: 'प्लॉट विकणे आहे. दलालांनी फोन करू नये.' खाली मोबाइल नंबर. पहिल्या दिवशी चौदा फोन आले. तेरा दलालांचे होते. चौदावा मुलाचा होता. कुणाचा फोन आला का, असं तो विचारत होता.

तेरापैकी एकाला मी रागानं म्हटलं, "बोर्ड वाचता येत नाही का?"

"वाचूनच तं फोन केला, सर. 'दलालांनी फोन करू नये' लिवलं की आमाले समजते, माल डायरेक्ट मालकाचा हाय."

हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी बुलेटवर बसून घरी आला. आमच्याकडे या धंद्यात दोन जाती आहेत, बॅगवाले आणि बुलेटवाले. बॅगवाल्याच्या बॅगेत दहा जणांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स असतात आणि त्यातला एकही त्याच्या कामाचा नसतो. बुलेटवाल्याकडे कागद काही नसतो, फक्त मोबाइल असतात. याच्याकडे तीन होते. पाणी पिता पिता त्यानं माझ्यासमोरच कुणाला तरी फोन लावला आणि माझ्या प्लॉटचं वर्णन सुरू केलं. मेन रोडला लागून (मध्ये पाऊण किलोमीटर आहे). समृद्धी महामार्ग बाजूनंच गेला (हे त्यातल्या त्यात खरं, 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, तेव्हापासून आमच्या भागात लोक अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाहीत, 'समृद्धीपासून किती मिनिटं' असंच विचारतात). आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: "रेल्वे येऊ राह्यली ना भाऊ!"

ही जालना–खामगाव रेल्वे. ती इंग्रजांच्या काळापासून येऊ राहिली आहे. माझ्या आजोबांना ती येणार म्हणून सांगितलं होतं, वडिलांनी तिचा सर्व्हे पाहिला, मी तिच्या बातम्या वर्गात वाचून दाखवल्या. रुळाचा एक तुकडा अजून पडलेला नाही. पण प्लॉटच्या भावात ती केव्हाच पोचली आहे. चौरस फुटाला शंभर रुपये तिचेच असतात.

फोन ठेवेपर्यंत माझं मन पालटलं होतं. इतका चांगला प्लॉट विकायचा कशाला, असं मला वाटू लागलं.

मग दलालीचा विषय निघाला.

"वहिवाटीपरमानं, सर. दोन टक्के."

"कुणाकडून?"

"दोन्हीकडून."

"म्हणजे एकूण चार टक्के."

"नाई सर, दोन."

"अहो, माझ्याकडून दोन, त्यांच्याकडून दोन. बेरीज किती?"

"तुमच्याकडून दोनच ना? मंग तुमच्यासाठी दोनच. त्यायचं ते पाहतीन."

मी त्याला अडतीचा दाखला दिला. 2016 साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून खरेदीदारावर टाकली, तसं माझंही खरेदीदारावर टाका, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, प्लॉट काय मेथीची जुडी हाय का?"

रेराचा नंबर आहे का, हेही मी विचारलं. पेपर वाचणारा माणूस आहे मी. 2017 पासून महाराष्ट्रात महारेरा आहे आणि 2023 पासून एजंटांना परीक्षासुद्धा द्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. पस्तीस मार्कांसाठी ज्यांना मी बेंचवर उभं केलं त्यांच्यातला एखादा दलालीच्या परीक्षेला बसला असेल, या कल्पनेनं मला बरंही वाटलं होतं. "तीन नंबर हायत, कोणता देऊ?" असं म्हणून त्यानं मोबाइल काढले. नंतर कळलं की तो नियम रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरता आहे. एका निवृत्त मास्तराचा एक जुना प्लॉट म्हणजे प्रकल्प नव्हे.

"बरं, निदान लिहून तरी ठेवू," मी म्हटलं.

"लिवू ना! पण सर, ऑक्टोबरपासून शंभराचा बॉण्ड बंद झाला. आता पाचशेचा लागते. काऊन खर्च? आपला शब्द नाई का?"

पाचशे रुपये! इथं मास्तरातला मास्तर जागा झाला. बरोबर आहे, म्हटलं, शब्द पुरे. त्या दिवशी मी पाचशे रुपये वाचवले. पुढचं सगळं त्या वाचवलेल्या पाचशांचं व्याज आहे.

गिऱ्हाइकं यायला लागली. एक जण मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन प्लॉटच्या चारी कोपऱ्यांत उभा राहिला आणि आग्नेयेला विजेचा खांब बघून खूश झाला. अग्नी जिथं हवा तिथं आहे, म्हणाला. पुन्हा आला नाही. दुसरा एक सहा रविवार संध्याकाळी येत होता. सातव्या रविवारी मी भाव विचारला, तेव्हा उलगडा झाला की त्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि त्याच्या घरापासून माझा प्लॉट बरोबर दोन किलोमीटरवर पडतो.

मग तालुक्यातल्याच एका गावचा शेतकरी आला. आमच्याकडे शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं बीजोत्पादन चालतं. कंपन्यांसाठी फुलाफुलाला हातानं परागीभवन करायचं, असं जिकिरीचं काम. तो त्यातला. मुलांच्या शाळेसाठी त्याला गावात घर बांधायचं होतं. येताना घरची अकरा माणसं घेऊन आला. सगळे दोरी धरून प्लॉट मोजत असताना त्याचा म्हातारा बाप खाली बसला, मातीचं ढेकूळ बोटांनी चुरलं आणि मला म्हणाला, "रान हलकं हाय. पिकते काय इथं?"

"रेल्वे," असं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं.

बैठक बसली. ज्यांनी ही बैठक पाहिली नाही त्यांना दलाल काय करतो ते कधीच कळणार नाही. त्याचं सगळं भांडवल म्हणजे समोरच्याचा एक खांदा आणि सहा पावलं जागा. तो खांद्यावर हात टाकतो आणि माणसाला सहा पावलं बाजूला नेतो. आधी मला नेलं. मग त्याला नेलं. मग त्याच्या मेव्हण्याला नेलं, मग मला पुन्हा. एक क्षण असा आला की सगळेच बाजूला होते आणि सतरंजीवर फक्त चहाचे कप उरले होते. बाजूला नेऊन तो मला म्हणाला, "पार्टी सोळाच्या वर यायला तयार नाई. मी आठरा करतो, तुमी फकस्त गप राहा." त्यालाही बाजूला नेऊन काय सांगितलं ते नंतर कळलं: "सर विसाच्या खाली यायला तयार नाईत. मी आठरा करतो, तुमी फकस्त गप राहा." आम्ही दोघं गप राहिलो आणि 18 लाख झाले. दोघांच्याही डोळ्यांत त्याच्याबद्दल पाणी होतं. इसाराचे 51,000 माझ्या हातात पडले तेव्हा त्यानं तीन टक्के मागितले असते तरी मी दिले असते.

पण कृतज्ञता ही वस्तू बर्फाच्या लादीसारखी असते, घरी नेईपर्यंत पिशवीत पाणीच उरतं. बैठकीत माझी दोन टक्क्यांची तयारी होती. रिक्षात बसलो तेव्हा एकावर आलो. बोलण्यापलीकडे त्यानं केलं काय? रात्री जेवताना अर्ध्यावर. हात धुताना माझी खात्री झाली की हे गिऱ्हाईक माझ्याकडे आपण होऊनच येणार होतं, हा मनुष्य उगीच वाटेत उभा होता. तिकडे शेडनेटमध्येही हेच चाललं असणार, कारण रात्री साडेनऊला पार्टीचा फोन आला. इतक्या हळू आवाजात की त्याच्या मागच्या रातकिड्यांचाच आवाज मोठा होता.

"सर, आपण दोघंच भेटू का? मधात कोणी नको."

"माझ्याही मनात तेच होतं."

"त्याले दोन-दोन टक्के देण्यापरीस आपणच एक-एक टक्का वाटून घेऊ."

हे गणित मला समजलं नाही, पण आवडलं. भेटायचं कुठं? गावात कुठंही भेटलो तरी बुलेट दिसणार. शेवटी बालाजीच्या मंदिरात पहाटे भेटायचं ठरलं. आमचा बालाजी म्हणजे महाराष्ट्राचा तिरुपती. देवाच्या दारी दोन माणसं एका रांगेत उभी राहिली तर कोण काय म्हणणार?

मी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून पोचलो. पार्टी फुलाचा हार घेऊन उभी होती. आम्ही ओळख नसल्यासारखे रांगेत लागलो. मी समोर बघत पुटपुटलो, "मग त्याला काय सांगायचं?"

"सांगा ना सर, मी ऐकूच राह्यलो," मागून आवाज आला.

बुलेटवाला हातात नारळ घेऊन तिसरा उभा होता. रोज पहाटे येतो म्हणे. आम्ही तिघांनी आधी एकमेकांना नमस्कार केला आणि मग देवाला.

बाहेर पायऱ्यांवर बसून त्यानं प्रसाद वाटला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "सर, मी मागच्या सालीच तिरुपतीले जाऊन आलो. तिथं आधी वराहस्वामीचं दर्शन घ्या लागते, मंग बालाजीचं. ठाऊक हाय काऊन? डोंगराची जागा मुळात वराहस्वामीची. देवाजवळ द्यायले पैसे नव्हते. मंग ठरलं, पयलं दर्शन तुमचं, पयला निवद तुमचा."

"ते जागेचे मालक होते," मी तांत्रिक मुद्दा काढला, "दलाल नव्हते."

"तेच तं म्हणतो. बॉण्ड नाई, काई नाई, फकस्त शब्द. पण आजवर एक दिवस चुकला नाई. देव रोज देऊ राह्यला. तुमाले तं एकदाच द्यायचे हायत."

पार्टीनं हार माझ्या हातात दिला आणि ती चप्पल शोधायला गेली. तेवढ्यात बुलेटवाल्यानं भर घातली, "लग्नासाठी कुबेराचं कर्ज काढलं होतं देवानं, तेही अजून फेडू राह्यला." व्यवहाराच्या बाबतीत आपला देव इतका सरळ असेल हे माहीत असतं, तर मी भेटीसाठी दुसरी जागा निवडली असती.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर लिंबाखाली जमलेली माणसं बघून मला वाटलं, आज कुणाचं तरी सामुदायिक खरेदीखत आहे. ती सगळी माझीच होती. बुलेटवाला होता. त्याच्याकडे पार्टी ज्यानं आणली तो बॅगवाला होता. बॅगवाल्याला पार्टीचा नंबर देणारा खत-बियाण्याच्या दुकानातला पोरगा होता. बस स्टँडसमोरचा चहावाला होता, कारण पहिली बोलणी त्याच्या बाकड्यावर झाली होती आणि त्या दिवशीच्या सहा चहांचे पैसेही राहिले होते. पार्टीचा मेव्हणा होता; त्याला आपल्याच दाजीकडून मागता येत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आशेनं बघत होता. आणि सगळ्यांत मागे, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, माझे साडू उभे होते.

"तुम्ही कसे?" मी विचारलं.

"काही नाही, म्हटलं आपलं काम आहे, उभं राहावं," ते म्हणाले. मग हळूच, "तसं बघितलं तर 1996 साली हा प्लॉट घ्यायचा सल्ला तुम्हाला मीच दिला होता. समजून काय ते द्या."

अठ्ठावीस वर्षांच्या चक्रवाढीनं साडूंचं काय होतं, ते मी मोजलं नाही.

आमच्या गणिताच्या पुस्तकात दलालीची उदाहरणं असायची. एका माणसानं दलालामार्फत घर विकलं, दलाली शेकडा 2, तर मालकाच्या हाती किती रक्कम आली? हजारो पोरांकडून मी ते उदाहरण घोटून घेतलं. त्या पुस्तकातला दलाल एकटा असायचा. त्याला साडू नव्हते, त्याला कुणी नंबर दिलेला नसायचा, तो चहा पीत नसे. आणि उत्तर मागच्या पानावर छापलेलं असायचं.

आत सरकारनं नोंदणी फी म्हणून 1 टक्का, म्हणजे 18,000 रुपये घेतले, मुद्रांक शुल्क वेगळं. पार्टीनं ते हूं की चूं न करता भरले. सरकारला कुणी खांद्यावर हात टाकून सहा पावलं बाजूला नेलं नाही. 'तुम्ही केलं काय?' असंही कुणी विचारलं नाही. अंगठे झाले, फोटो झाले. फोटोत माझा चेहरा विकणाऱ्याचा न दिसता विकल्या गेलेल्याचा दिसतो.

बाहेर येऊन मी सगळ्यांना सोमवारचा वायदा केला आणि मागच्या दारानं वकीलसाहेबांकडे गेलो. माझे जुने विद्यार्थी. गणितात कच्चे होते, म्हणून वकील झाले. त्यांनी चष्मा लावला.

"सर, भारतीय करार कायदा, 1872. कलम 219. वेगळा करार नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही."

"वा! म्हणजे द्यायला नको?"

"काम पुरं झालंय ना, सर."

मी गप्प बसलो. ते उत्साहात आले. पूर्वी विलायतेत एका दलालानं सिनेमागृहांसाठी गिऱ्हाईक आणलं. ऐन वेळी मालकांनी विकायचंच रद्द केलं. दलालानं 10,000 पौंडांचा दावा ठोकला, तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि तिथं दलालाला एक पेनी मिळाली नाही. मी खुर्चीत सरसावून बसलो. "पण आपल्याकडे," वकीलसाहेबांनी पान उलटलं, "1950. सर्वोच्च न्यायालय सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर. कलकत्त्याचं घर. दलालानं गिऱ्हाईक आणलं. मालकानं दलालाला बाजूला सारून त्याच गिऱ्हाइकाच्या माणसाला घर विकलं. कोर्टानं दलाली द्यायला लावली."

देश नुकता प्रजासत्ताक झाला होता. राज्यघटनेची शाई वाळली नव्हती. कोर्टासमोर केवढाले प्रश्न असतील! आणि त्यातही एक दलाल आपले पैसे मागायला उभा होताच. मला त्या अनिमेंद्रबाबूंबद्दल फार जवळीक वाटली. त्यांनीही कुठल्या तरी मंदिरात गिऱ्हाइकाची गाठ घेतली असेल.

"मग माझं काय?"

"दोन्ही बाजूंनी लढता येईल," वकीलसाहेब म्हणाले आणि दोन हजार रुपये घेतले. विद्यार्थी म्हणून पाचशे कमी केले होते.

अमेरिकेतल्या भाच्याला फोन केला. तिथं सगळं शिस्तीत असतं अशी माझी समजूत. तो हसायलाच लागला. "मामा, इथं पाच-सहा टक्के जातात, आणि ते विकणाऱ्याच्या खिशातून दोन्ही एजंटांना. लोकांनी मिसुरीत दावा लावला. ऑक्टोबर 2023 मध्ये ज्यूरीनं सुमारे 180 कोटी डॉलरचा निकाल दिला. मग एजंटांच्या संघटनेनं 41 कोटी 80 लाख डॉलर देऊन मिटवलं. आता गेल्या ऑगस्टपासून घर बघायच्या आधी खरेदीदाराला आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो."

"लेखी?" मी विचारलं.

"हो, लेखी."

पाचशे रुपयांचा तो बॉण्ड माझ्या डोळ्यांसमोर फडफडला.

सोमवारी बुलेटवाला आला, पण बुलेटवर मागे त्याचे वडील होते. वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला रुमाल, खांद्यावर उपरणं. आयुष्यभर बैलबाजारात दलाली केलेली. तिथला जुना रिवाज असा की भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही, कुणाची अब्रू जात नाही, बैलालासुद्धा आपली किंमत कळत नाही.

"सर," म्हातारबुवा म्हणाले, "तोंडानं बोललं की तोंड वाईट होते. हात द्या."

त्यांनी माझा हात उपरण्याखाली घेतला. बोटं दाबली. किती प्रेमानं! गेल्या महिनाभरात मला इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता. माझा गळा भरून आला. मीही त्यांचा हात तसाच दाबला. एकदा, मग नीट घट्ट, आणि मग, उगीच कोरडं वाटू नये म्हणून, अंगठ्यानंही थोडासा.

"झालं!" म्हातारबुवांनी उपरणं झटकलं. "सरानं अडीच कबूल केली."

खोलीत शांतता पसरली. बुलेटवाला स्वतःच चकित झाला होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, मी तं दीडवर यायच्या तयारीत होतो."

पण बाजारात उपरण्याखाली दिलेला शब्द मागं घेत नाहीत. 18 लाखांचे अडीच टक्के म्हणजे 45,000. आकडा ओळखीचा वाटला म्हणून मी पुन्हा पाहिला. 1996 साली एवढ्यातच अख्खा प्लॉट आला होता. बाकीच्यांना, म्हणजे बॅगवाला, दुकानातला पोरगा, मेव्हणा यांना त्यातूनच गप्प करायचं बुलेटवाल्यानं मान्य केलं. चहावाल्याचे सहा चहा मी वेगळे दिले. साडूंना दिवाळीच्या उरलेल्या शंकरपाळ्या पाठवल्या, त्यांनी डबा अजून परत केलेला नाही.

राहता राहिला कटिंगवाला. त्याचं नाव यादीत घालायचं आम्ही विसरलो, आणि मग तो वस्तरा. दोन हजारांत आणि वर्षभर त्याच्याचकडे दाढी करायच्या कबुलीवर मिटलं.

यानंतर महिन्याभरानं घडलं ते सांगायला हवं. आमच्या शाळेतले एक निवृत्त सहकारी घर शोधत होते. एका रविवारी, कटिंगच्या दुकानात नंबरला बसलो असताना, मी त्यांना सहज म्हटलं, "आमच्या गल्लीच्या टोकाचं घर निघालंय म्हणे, बघा." सहज हं. पुढे कळलं की त्यांनी ते 32 लाखांना घेतलं. दलालाशिवाय.

मी अभिनंदनाला गेलो. घर छान आहे म्हटलं. ते म्हणाले, हो. मी म्हटलं, त्या दिवशी मी बोललो म्हणून. ते म्हणाले, चहा घ्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, नाहीतर हे घर कुणाला कळलंच नसतं. ते म्हणाले, यंदा थंडी कमी आहे. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा बायको दारात उभी राहिली.

"कुठं?"

"सहज. घर बघायला."

"ते बघून झालंय. दोनदा."

"मागायला चाललो नाही मी काही. पण माणसाला जाण असावी एवढंच. एक टक्का म्हटलं तरी 32,000 होतात."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तिसऱ्यांदा सहकाऱ्याकडे न जाता दाढीला गेलो. खुर्चीत बसलो, फेस झाला, वस्तरा लागला. कटिंगवाला खुशीत होता.

"सर, त्या तुमच्या दोस्त सरांनी घर घेतलं म्हणे?"

"हं."

"तुमीच सांगतलं होतं ना त्यायले?"

मला भरून आलं. गावात निदान एकाला तरी माझ्या श्रमांची जाणीव होती. मी शक्य तेवढ्या मोठ्यानं 'हं' म्हणालो.

"ह्याच बाकड्यावर बसून," तो म्हणाला आणि वस्तरा कंठमण्यावर येऊन थांबला. "मंग त्यायच्याकडून तुमाले जे भेटीन ना सर, त्यात आमचं अर्धं."